राब आणि वणवा

काल आमच्या घरासमोरच्या शेतात राब भाजला. फाल्गुन संपत आला की कापड्यात हे ठरलेलेच. आमची सौ. ओटीवर बसली होती. धूर दिसला तशी म्हणाली, "अहो, कुठं जळतंय?" मी म्हटले, "राब भाजतायत." पाच मिनिटांनी पुन्हा, "अहो, कुठं जळतंय?" मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिच्या आवाजात भीती होती. मग मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली आणि राब विझेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

मुंबई-पुण्यात वाढलेल्या आमच्या पोरांसाठी आधी राब म्हणजे काय ते सांगतो. भाताची रोपे जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, कवळे, पातेरा पसरायचा, वर बारीक माती टाकायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचे. आग त्या तुकड्यातच राहते. तणाचे बी जळते, राख खाली राहते, आणि मृगाला पेरले की रोप तरारून येते. पण हीच आग बांध ओलांडून डोंगराच्या वाळल्या गवताला लागली की तिचे नाव बदलते. मग तो वणवा. काडीपेटी तीच, आगही तीच. फरक एवढाच की एक वेळेवर विझते आणि दुसरी विझत नाही.

गेले सहा-सात महिने मी जे वाचतो आहे ते मला या धुरात बसल्या बसल्या एकदम कळल्यासारखे वाटले, म्हणून आज लिहायला घेतले. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा बी.ए. झालेला मास्तर. शास्त्राचे सर रजेवर गेले तरच तो तास माझ्या वाट्याला यायचा. तेव्हा जाणकार वाचकांनी चूक दिसल्यास खुशाल कान धरावा.

सुरुवात माझ्या पायाच्या अंगठ्याने केली. मागच्या भाद्रपदात, गौरी-गणपतीला मुंबईची सगळी मंडळी घरी आलेली. गौरीच्या तिखट्या सणाचे मटण मी दोन दिवस वयाचा विचार न करता खाल्ले. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला उजव्या अंगठ्याने मला उठवले. अंगठा लालबुंद, तापलेला आणि असा ठणकत होता की चादर नुसती घासली तरी ओरडावेसे वाटे. सकाळी पोलादपूरला नेले. डॉक्टरांनी चप्पल काढायच्या आधीच सांगितले, "सर, हा गाऊट." रक्तातले युरिक ॲसिड वाढले, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमले. त्यांनी कोल्चिसिन नावाची बारकीशी गोळी लिहून दिली आणि बजावले, "जेवढ्या लिहिल्यात तेवढ्याच. दुखायचं थांबलं नाही तरी एकही जास्त नाही."

माझी नात पुण्याला पेशीविज्ञान शिकते. अनंत चतुर्दशीपर्यंत ती इथेच होती. तिने गोळ्यांची पट्टी पाहिली आणि हसून म्हणाली, "आजोबा, चला, तुमची गोळी कुठे उगवते ते दाखवते." लंगडत लंगडत मला परसातल्या गडग्यापाशी नेले. तिथे कळलावी फुलली होती! पिवळ्या-लाल ज्वाळा वर उसळाव्यात तशी फुले, आणि पानांची टोके वळून शेजारच्या झुडपाला धरलेली. काही ठिकाणी हिला 'गौरीचे हात' म्हणतात, संस्कृतात अग्निशिखा. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे आणि तिथे बियांसाठी हिची शेतीही करतात, कारण बियांत आणि कंदात कोल्चिसिन असते. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या वेगळ्या फुलझाडातून १८२० साली काढले गेले. मी नोकरीभर दर पावसाळ्यात वर्गात सांगत आलो की, "पोरांनो, कळलावीचा कंद तोंडात घालू नका, माणूस मरतो." आणि आता तेच विष मोजून मापून मी पाण्याबरोबर घेत होतो.

त्या दुपारी पडवीत बसून मी तिला विचारले की अंगठ्यात चार सुया जमल्या तर एवढा आगडोंब का? तिने जे सांगितले आणि पुढे मी वाचत गेलो ते माझ्या शब्दांत सांगतो.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. मराव्याच लागतात. बहुतेक अगदी शांतपणे जातात. पेशी आकसते, आतले सामान लहान लहान पुड्यांत बांधते, आणि आजूबाजूच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. बाहेर काही सांडत नाही, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. आईच्या पोटात आपल्या बोटांमधले पडदे असेच नाहीसे होतात, म्हणून बोटे सुटी होतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी अशा मरणाचे वर्णन केले. ॲबर्डीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकांनी त्यांना नाव सुचवले, 'अपोप्टोसिस'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाची पाने गळणे. भाषेच्या मास्तराला हे वाचून किती आनंद झाला असेल याची कल्पना करा. शास्त्रज्ञ अडले आणि भाषेच्या मास्तराकडे आले!

दुसरे मरण मात्र गाजावाजा करून येते. भक्षक पेशीने एखादा जंतू किंवा युरिक ॲसिडचा स्फटिक गिळला आणि तो आत पचेना, की पेशीत काही प्रथिने एकत्र येऊन एक यंत्र जुळवतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्रयोगशाळेत युर्ग चॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याला 'इन्फ्लमेसोम' हे नाव दिले. हे यंत्र सुरू झाले की 'गॅसडर्मिन डी' नावाच्या प्रथिनाचे दोन तुकडे होतात, आणि त्यातला एक तुकडा पेशीच्या स्वतःच्याच आवरणाला भोके पाडतो. हे २०१५ मध्ये बीजिंग आणि कॅलिफोर्निया इथल्या दोन गटांनी दाखवले. भोकांतून इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडते. तिचे काम म्हणजे "आग लागली, धावा" अशी हाळी देणे. हाळी ऐकून पांढऱ्या पेशी धावतात, रक्तवाहिन्या सैल होतात, जागा लाल होते, सुजते, तापते. इकडे पेशी फुगून फुटते आणि आतले सगळे बाहेर सांडते, ते पाहून आणखी पेशी बिथरतात. एवढेच काय, हे शेवटचे फुटणेसुद्धा आपोआप होत नाही, त्यालाही 'निंज-१' नावाचे एक वेगळे प्रथिन लागते, असे २०२१ मध्ये कळले. या जळत्या मरणाला कुकसन आणि ब्रेनन यांनी २००१ मध्ये 'पायरोप्टोसिस' म्हटले. पायरो म्हणजे अग्नी. इथेही ग्रीकच!

माझ्या अंगठ्यात नेमके हेच यंत्र पेटले होते. युरिक ॲसिडचे स्फटिक ते पेटवतात हे चॉप यांच्याच गटाने २००६ मध्ये सिद्ध केले. कोल्चिसिन पेशीच्या आतले वासे-पट्ट्या जुळू देत नाही, म्हणून पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावते आणि हे यंत्रही नीट उभे राहत नाही. चार दिवसांत मी चप्पल घालून पारापर्यंत जाऊन आलो.

पण हे यंत्र आपला वैरी नाही. जखमेत जंतू शिरले तर हीच आग त्यांना जाळते. हा राब आहे. गोंधळ होतो तो आग विझायची वेळ टळून गेल्यावर. वय वाढते तशी पडलेली पाने उचलणारी माणसे कमी होतात, पातेरा साठत जातो आणि अंगात कुठेतरी सतत धुमसत राहते. इटलीच्या क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली म्हातारपणातल्या या धुमसण्याला एक स्वतंत्र नावच दिले, 'इन्फ्लमेजिंग'. रक्तवाहिन्यांत कोलेस्टेरॉलचे स्फटिक हेच यंत्र पेटवतात, हे २०१० मध्ये दिसले. गुडघ्याची झीज, डोळ्यांच्या पडद्याची झीज, कंपवात, यांतही त्याचा हात असल्याच्या खुणा सापडत आहेत. म्हातारपणाची दुखणी नुसती झिजेची नाहीत. त्यात न विझलेल्या आगीचाही वाटा आहे.

हे ऐकताना मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. १९७०च्या दशकातली गोष्ट. भारे रचताना त्याला लाल विंचू चावला. विंचवाचे विष ते केवढे! पण थोड्या वेळात पोराला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, आणि रात्री छातीत पाणी होऊन तो गेला. त्या काळी आमच्या भागात असे कितीतरी जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हा बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात नव्याने आले होते. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढून पाहिले की विष अंगातली नसांची व्यवस्था खवळवते, शरीर स्वतःच ॲड्रिनलिनचा पूर आणते आणि त्या पुराने हृदय हरते. त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून तो पूर ओसरवला. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंश आणि पेशींचा दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळते. पण शत्रूपेक्षा आपलाच बचाव माणसाला मारू शकतो, हा धडा आम्ही महाड-पोलादपूरवाल्यांनी घरच्या अंगणात शिकलेला आहे.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. नातेवाईक वाचणार आहेत, त्यांनी रागावू नये.

सौ.ला अल्झायमर आहे हे दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले. गावात कुणाच्या घरी कधी बारसे झाले, कुणाची म्हैस कधी व्यायली, हे पूर्वी हिला विचारावे. आमच्या लग्नातल्या आहेरांची यादी तिला तोंडपाठ होती. आता चहा झाला की परत आधण ठेवते. थोरल्या दादाचे पत्र आले का विचारते. दादाला जाऊन सोळा वर्षे झाली.

मार्गशीर्षात एका रात्री मी वाचले की मेंदूतसुद्धा रखवालदार पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचा गाळ मेंदूत साठतो. तो या रखवालदारांनी गिळला की त्यांच्यात तेच यंत्र पेटते, माझ्या अंगठ्यातले! २०१३ मध्ये असा आजार असणाऱ्या उंदरांतून त्या यंत्राचा एक भाग काढून टाकला, तर त्यांची स्मरणशक्ती टिकली आणि गाळही कमी साठला. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले की त्या यंत्राचे ठिणगीएवढे तुकडे पेशीबाहेर पडतात आणि त्यांच्याभोवती आणखी गाळ जमतो. म्हणजे जळक्या जागेतले निखारे उडून पुढचे गवत पेटवतात. वणवा असाच तर पसरतो.

माझ्या औषधांच्या डब्यात कोल्चिसिनच्या दोन गोळ्या उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक गोळी मोडली. अर्धा तुकडा तिच्या रक्तदाबाच्या गोळीशेजारी वाटीत ठेवला. मनात म्हटले, आग तीच तर विझवणारे पाणीही तेच, आणि अर्ध्या गोळीने काय होणार? पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे गेलो. तिने काही न विचारता तळवा पुढे केला. पूर्वी ही बाई साधी तापाची गोळी दिली तरी विचारायची, "कशाची हो ही? कुणी सांगितली?" आता ती विचारत नाही. जे देईन ते घेते.

त्या उघड्या तळव्यापुढे मला माझा वर्ग दिसला, आणि "कळलावीला हात लावू नका" म्हणणारा मी दिसलो. मी तो तुकडा उचलून खिशात टाकला आणि नातीला फोन लावला.

ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आजोबा, पुन्हा असं करायचं नाही." तिने एकेक मुद्दा सांगितला, आणि मी मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. कोल्चिसिन औषध कुठे संपते आणि विष कुठे सुरू होते यातले अंतर फार थोडे आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठत जाते, आणि आजीचे तसे आहे. काही प्रतिजैविकांबरोबर तर ते जिवावर बेतते. शिवाय ते मेंदूत फारसे पोचतच नाही. सूज उतरवणारी औषधे अल्झायमरवर आधीच देऊन पाहिली आहेत. २००० मध्ये प्रेडनिसोन, २००३ मध्ये नेप्रोक्सेन. रोग्यांना उपयोग झाला नाही. उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होत नाही.

"मग हृदयाला तरी देतात ना ही गोळी?" मी विचारले. कारण तेही वाचले होते. २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या रोग्यांसाठी रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिनला मंजुरी मिळाली. "देतात," ती म्हणाली, "पण २०२४ मध्ये नुकताच झटका येऊन गेलेल्या सुमारे ७००० लोकांवर पाहिलं, तर फायदा दिसला नाही. कुणाला, केव्हा, किती, हे ठरायचंय अजून." आणि एक गोष्ट तिने सांगितली जी मी विसरणार नाही. २०१७ मध्ये १०,०००हून अधिक हृदयरोग्यांवरचा एक प्रयोग जाहीर झाला. इंटरल्यूकिन-१ बीटाची हाळी बंद करणारे इंजेक्शन त्यांना दिले. पुढचे झटके कमी झाले. पण जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. कारण हाळीच बंद, तर चोर आला तेव्हा कुणी उठलेच नाही. आग सगळीच विझवून टाकली की राबही होत नाही.

मी खिशातला तुकडा आणि उरलेली दीड गोळी पुढच्या खेपेला पोलादपूरच्या डॉक्टरांपुढे ठेवली आणि झाले ते सांगितले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सर, असं बरेच जण करतात. सांगत नाहीत."

म्हणूनच आज सांगतो आहे. घरात आजार असला की माणूस वाचत सुटतो, आणि वाचलेले खरे असले तरी आपल्या माणसासाठी ते औषध असेलच असे नाही. माझ्या वाचण्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. चूक ती वाक्ये जोडून मी काढलेल्या निष्कर्षात होती. शाळेत पोरांच्या उत्तरपत्रिकांवर मी असल्या चुकीला लाल शाईने अर्धा गुण कापत असे!

मग हातात काय उरते? वणव्याच्या बाबतीत आम्ही जे करतो तेच. पेटलेला डोंगर आपल्या घागरीने विझत नाही. पण जाळरेषा काढता येते, घराजवळचे वाळले गवत कापून ठेवता येते. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या आवरल्या तर जगातले निम्म्याच्या जवळपास रुग्ण टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, बसून राहणे, एकटेपणा, कमी ऐकू येणे, कमी दिसणे. वाचले आणि ध्यानात आले की हिला डाव्या कानाने बरीच वर्षे कमी ऐकू येत होते आणि आम्ही सगळे "लक्ष नसतं हिचं" म्हणून हसत होतो. पौषात तिला कानाचे यंत्र बसवून आणले. तिचा आजार बरा झालेला नाही आणि होणारही नाही. पण परवा देवळातली घंटा ऐकून तिने हात जोडले. हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

माझ्या मुलांनो, भाचे-पुतण्यांनो, तुम्ही पन्नाशीत आहात. तुमची जाळरेषा काढायची वेळ आत्ता आहे. कान तपासा, रक्तदाब मोजा, चालत जा. आणि गौरीच्या मटणाला आजोबांची आठवण ठेवा.

काल राब विझल्यावर तिने पुन्हा विचारले, "अहो, कुठं जळतंय?" शेतात आता नुसता धूर होता. मी म्हटले, "राब होता गं. विझला." "वणवा नव्हे ना?" "नव्हे." ती हं म्हणाली आणि माझा हात धरून बसली. थोड्या वेळाने पुन्हा विचारील. मी पुन्हा सांगेन. असो.